वॅट शेवटी, आधी व्होल्ट आणि ओहम : क्लास डी ॲम्प्लिफायरला स्पीकर निवडताना

"काका, शंभर अधिक शंभर वॅटचा बोर्ड मागवलाय. स्पीकर किती वॅटचा घेऊ?"

सोसायटीतलं कुणी ना कुणी पोरगं दोन-तीन महिन्यांतून एकदा हा प्रश्न घेऊन दारात उभं राहतं. हातात तळहाताएवढा बोर्ड, त्यावर एक हीटसिंक, चार कॉइल आणि व्हॉल्यूमचं बटण. मी उलट विचारतो, "ॲडॅप्टर किती व्होल्टचा लावणार?" पोरगं गोंधळतं. त्याला वाटतं मी विषय बदलला. पण खरा विषय तिथूनच सुरू होतो. बोर्डावर छापलेले वॅट ही जाहिरात असते. स्पीकरपर्यंत प्रत्यक्षात काय पोचणार हे ॲडॅप्टरचे व्होल्ट आणि स्पीकरचे ओहम (विजेला होणारा अडथळा) मिळून ठरवतात, आणि त्यातून कानाला किती मोठं ऐकू येणार हे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ठरवते. वॅटचा नंबर त्यानंतर.

हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरणाला आपण एकच जोडणी शेवटपर्यंत धरू: टीपीए ३११६ डी२ या चिपचा स्टीरिओ बोर्ड, घरात पडून असलेला लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर आणि दहा बाय बाराची खोली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत हा बोर्ड सहज मिळतो, आणि मला विचारायला येणाऱ्या दहातल्या सात जणांच्या हातात तोच असतो.

आधी बोर्ड काय करतो ते

क्लास डी मधला डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी झाले, पुढचं अक्षर डी, एवढंच. जुन्या क्लास एबी ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून सिग्नलच्या मागे मागे जातात, म्हणून तापतात. क्लास डी मध्ये ते एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतात. ही उघडझाप आपल्या चिपमध्ये सेकंदाला किमान चार लाख वेळा होते, आणि सिग्नल जसा वर-खाली होईल तशी 'चालू' वेळेची रुंदी कमी-जास्त होते. बोर्डावरच्या कॉइल आणि त्यांच्या शेजारचे छोटे कपॅसिटर मिळून ती उघडझाप गाळतात. उरतं ते गाणं. वीज उष्णतेत फारशी जात नाही, कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून एवढ्याशा हीटसिंकवर काम भागतं.

स्पीकर निवडणाऱ्याने यातून दोन गोष्टी उचलायच्या. एक, ती गाळणी एका ठरावीक ओहमचा स्पीकर गृहीत धरून बनवलेली असते. दोन, या बोर्डांत स्पीकरची दोन्ही टोकं 'जिवंत' असतात, काळी तार म्हणजे अर्थ (शून्य व्होल्टचं टोक) नव्हे. दोन्हींकडे पुढे येऊ.

पहिली पायरी : ॲडॅप्टरवरून वॅट काढा

कागद-पेन्सिल घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. असल्या बोर्डांत ब्रिज जोडणी असते. स्पीकरचं एक टोक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं, म्हणून स्पीकरवर शिखराला पुरवठ्याइतकेच व्होल्ट मिळतात, त्याहून जास्त नाही. १९ व्होल्टचा वर्ग ३६१, त्याचा निम्मा १८०. या १८० ला स्पीकरच्या ओहमने भागा. ८ ओहमला साडेबावीस वॅट, ४ ओहमला ४५ वॅट. हे कागदावरचे झाले. चिपमधल्या आणि कॉइलमधल्या घटीमुळे हातात ८ ओहमला साधारण २० आणि ४ ओहमला ३५ ते ४० पडतात.

हाच हिशेब इतर पुरवठ्यांना लावा. ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालणारी पीएएम ८४०३ ही चिप ४ ओहमला कागदावर ३ वॅट देते आणि ८ ओहमला जेमतेम दीड. १२ व्होल्टवर ४ ओहमला १८, ८ ओहमला ९. २४ व्होल्टवर ४ ओहमला ७२, ८ ओहमला ३६. आता त्या 'शंभर अधिक शंभर'कडे पाहा. आपल्या चिपला २६ व्होल्टच्या वर चढवायचंच नाही, आणि २४ व्होल्टवर ४ ओहमला कागदावरही ७२ च्या पुढे स्वच्छ वॅट निघत नाहीत. शंभर कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

चिप बनवणाऱ्याची डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, प्रामाणिक असते, पण तीही नीट वाचावी लागते. टीपीए ३११६ ची डेटाशीट २१ व्होल्टवर ४ ओहमला दर चॅनेलमागे (डावा किंवा उजवा) ५० वॅट सांगते, ते १० टक्के विकृती धरून. १० टक्के विकृती म्हणजे तारसप्तकातला स्वर चिरकलेला. ऐकण्यालायक आवाज त्या आकड्याच्या पाऊणपटीच्या आसपास संपतो. तरीही नव्वदीतल्या टेपरेकॉर्डरवर छापलेल्या हजार-हजार वॅट पीएमपीओपेक्षा (क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा) ही पुष्कळ सभ्य माणसं म्हणायची.

ॲडॅप्टरचे ॲम्पिअरही पाहा. १९ गुणिले ३.४२ म्हणजे ६५ वॅट. ४ ओहमचे दोन स्पीकर पूर्ण ताकदीने सतत वाजवायचे तर ८० वॅटच्या वर लागतील, तेवढे या ॲडॅप्टरमध्ये नाहीत. गाण्यात सतत पूर्ण ताकद लागत नाही, सरासरी शिखराच्या दहाव्या हिश्श्यालाही येत नाही, म्हणून एरवी चालून जातं. पण ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलंत आणि आवाज चढवलात की टिपऱ्याच्या वेगासरशी बोर्डावरचा एलईडी मिचकायला लागतो. तो ॲडॅप्टर दम टाकतोय. ८ ओहमला हा प्रश्नच येत नाही.

दुसरी पायरी : ओहम, छापलेले आणि खरे

वरच्या हिशेबावरून कुणालाही वाटेल की ४ ओहमच घ्यावा, दुप्पट वॅट मिळतात. माझं मत असं: पुरवठा ५ किंवा १२ व्होल्टचा असेल तर ४ ओहम घ्या, कारण तिथे व्होल्टचीच टंचाई आहे. १९ व्होल्टला ६ किंवा ८. २४ व्होल्टला ८ च. दुप्पट वॅट म्हणजे कानाला फक्त ३ डेसिबल जास्त, म्हणजे 'जरासं मोठं'. त्या जराशासाठी करंट दुप्पट होतो, आणि दुप्पट करंटला चिपच्या व कॉइलच्या आतली घट चौपट. स्वस्त बोर्डावरच्या कॉइल बारीक असतात. ४ ओहमला १९ व्होल्टवर शिखराला साडेचार ॲम्पिअरच्या वर करंट जातो, आणि बारीक कॉइलचा गाभा तिथे भरून जातो, त्याचं चुंबकत्व आणखी वाढत नाही. मग बास घुमण्याऐवजी फुटतो, आणि लोक स्पीकरला नावं ठेवतात.

स्पीकरवर छापलेले ओहम हे एक ठोकळ नाव आहे. खरा आकडा प्रत्येक स्वराला वेगळा असतो. ८ ओहमचा वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) त्याच्या अनुनादाच्या, म्हणजे ज्याला तो आपणहून सर्वात सहज हलतो त्या, स्वराला तीस-चाळीस ओहम दाखवेल, मधल्या सप्तकात सहा-सात, वरच्या पट्टीत पुन्हा वीस. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सगळ्यात खोल खड्डा छापील आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमला ६.४ आणि ४ ओहमला ३.२. गंमत अशी की टीपीए ३११६ च्या डेटाशीटमध्ये ब्रिज जोडणीसाठी कमीत कमी भार दिलाय तो नेमका ३.२ ओहम. म्हणजे सचोटीने छापलेला ४ ओहमचा स्पीकर काठावर बसतो. त्यात कुणी ४ ओहम छापून प्रत्यक्षात अडीचचा खड्डा असलेला दोन-वे (वूफर आणि वरच्या स्वरांचा छोटा ट्विटर असा) बॉक्स दिला, की चिप मोठ्या आवाजाला टक् करून बंद पडणार.

बेनामी किंवा जुना स्पीकर घेताना मल्टीमीटर खिशात ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. स्वस्त मीटर तिथेच ०.३ ते ०.५ ओहम दाखवतो. ती रक्कम नंतर वजा करायची. मग स्पीकरच्या टोकांना लावा. मीटर मोजतो तो स्पीकरच्या आतल्या कॉइलच्या नुसत्या तारेचा रेझिस्टन्स, म्हणून आकडा छापील ओहमपेक्षा कमी येतो आणि तसाच यायला हवा. साडेपाच ते सात आला तर ८ ओहमचा, तीन ते साडेतीनच्या थोडं वर आला तर ४ चा. बरोबर ८.० आला तर तो ८ चा नसून दहाच्या आसपासचा काहीतरी आहे. आकडा स्थिर राहत नसेल, कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) हलवला की नाचत असेल, तर स्पीकरच्या कॉइलकडे जाणारी जरीची तार तुटायला आलीय.

एका चॅनेलवर दोन स्पीकर लावायचा मोह सगळ्यांना होतो. ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४, चालेल. ४ चे दोन समांतर म्हणजे २, चालणार नाही. ४ चे दोन एकामागे एक म्हणजे ८, चालेल, पण दोन्ही अगदी सारखेच हवेत, नाहीतर एकाच्या अनुनादाचा स्वर दुसऱ्याच्या वाट्याचे व्होल्ट खातो.

तिसरी पायरी : सेन्सिटिव्हिटी, जिच्याकडे कुणी बघत नाही

माझ्या मते निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि बॉक्सच्या मागे तो सगळ्यात बारीक अक्षरात असतो. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो हा आकडा. तीन इंची फुलरेंज (सगळे स्वर एकटाच वाजवणारा) स्पीकर ८२-८४ चा असतो, साडेसहा इंची बुकशेल्फ ८६-८८ चा, आणि मांडववाल्यांचा बारा इंची ९५ च्या पुढे.

८४ आणि ९० मध्ये सहाच डेसिबलचा फरक दिसतो. पण सहा डेसिबल म्हणजे चौपट वॅट. ८४ च्या स्पीकरला २० वॅट लागतात तिथे ९० च्या स्पीकरचं ५ वॅटमध्ये भागतं. दुप्पट महाग बोर्ड आणि दुप्पट महाग ॲडॅप्टर घेऊन जे मिळवायचं, ते स्पीकर बदलून फुकटात मिळतं.

आपल्या खोलीचा हिशेब करू. स्पीकर ८७ डेसिबलचा, ८ ओहमचा. बसायची जागा अडीच मीटरवर. उघड्यावर अडीच मीटरवर आवाज ८ डेसिबलने उतरतो, म्हणजे ७९. दोन स्पीकर आहेत, ३ वाढले. खोलीच्या भिंती परतवतात ते आणखी दोन-तीन. म्हणजे दर चॅनेलला १ वॅट दिला की ८४-८५ डेसिबल, जे शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाण्याइतकं आहे. तबल्याची थाप, झांजेचा ठोका अशा शिखरांना याच्यावर १० ते १५ डेसिबलची उसंत लागते. २० वॅट म्हणजे १ वॅटच्या वर १३ डेसिबल. जमलं. आपल्या १९ व्होल्टच्या जोडणीला ८ ओहमचा, ८६ ते ८८ डेसिबलचा स्पीकर पुरून उरतो. हाच हिशेब ८२ डेसिबलच्या नाजूक बॉक्सने केला तर त्याच आवाजाला तिप्पट वॅट हवेत, ते आपल्याकडे नाहीत.

एक चलाखी ओळखून ठेवा. काही कंपन्या १ वॅटऐवजी '२.८३ व्होल्ट' लावून मोजतात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात, म्हणजे आकडा आपसूक ३ डेसिबलने फुगतो. ४ ओहमचा स्पीकर ८९ डेसिबल, २.८३ व्होल्टला, असं लिहिलं असेल तर मनात ८६ धरा.

चौथी पायरी : आता वॅट

थोडक्यात आटपतं. पहिल्या पायरीत काढलेल्या खऱ्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट आरएमएस (सतत सोसता येणाऱ्या) वॅटचा स्पीकर घ्या. आपल्या जोडणीत २० वॅट निघतात, तर ३० ते ४० चा. ६० चा घेतलात तरी काही बिघडत नाही. स्पीकरवरचे वॅट ही त्याची सहनशक्ती आहे, भूक नव्हे. 'मोठ्या वॅटचा स्पीकर छोट्या ॲम्पवर वाजत नाही' हा समज सोडून द्या.

छोटा ॲम्प कानफाड आवाजात ताणला तर मात्र ट्विटर जळतो. शिखरं कापली जाऊन लाट चौकोनी होते, त्याच शिखराच्या चौकोनी लाटेत गोल लाटेपेक्षा दुप्पट वॅट असतात, आणि वरच्या पट्टीतला जादा भाग क्रॉसओव्हर (स्वर वाटून देणारी जोडणी) सरळ ट्विटरकडे ढकलतो. लग्नाच्या हळदीला बोर्ड उधार नेणारे भाचे-पुतणे ट्विटर कसा जाळून आणतात त्याचं उत्तर हे.

गाळणी, ट्विटर, पिझो आणि भोंगा

आता त्या कॉइल-कपॅसिटरच्या गाळणीकडे. टीपीए ३११६ च्या बोर्डांवर बहुधा १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅराड ही जोडी असते. तिचा उंबरठा ६१ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. मी हिशेब मांडला तर २० किलोहर्ट्झला ८ ओहमच्या भाराला ती अर्धा डेसिबल उचलते आणि ४ ओहमला पाऊण डेसिबल दाबते. चाळिशी ओलांडलेल्या कानाला यातलं काही कळत नाही, माझ्या तर नाहीच. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी गाळणीच्या पलीकडून फीडबॅक घेणारे, म्हणजे बाहेर पडलेला सिग्नल परत तपासून सुधारणारे, महाग बोर्ड आहेत. फिलिप्समध्ये असताना ब्रुनो पुट्झेस यांनी यूसीडी नावाने अशी रचना केली आणि पुढे हायपेक्सच्या बोर्डांतून ती लोकांपर्यंत आली. त्या बोर्डांना स्पीकर किती ओहमचा याने जवळपास फरक पडत नाही. आपल्या स्वस्त बोर्डाला पडतो, एवढं लक्षात ठेवायचं, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्यूम चढवायचा नाही, कारण भाराशिवाय ही गाळणी त्या ६१ किलोहर्ट्झपाशी मोकाट उसळते.

पीएएम ८४०३ सारख्या चिमुकल्या बोर्डांवर तर गाळणीच नसते. तिथे स्पीकरची कॉइलच गाळणीचं काम करते. म्हणून तिथे साधा फुलरेंज स्पीकर लावा, तारा वीतभर ठेवा, आणि नुसत्या कपॅसिटरमागे बसवलेला ट्विटर लावू नका. दुकानात ट्विटरबरोबर ४.७ मायक्रोफॅराडचा एक कपॅसिटर डकवून देतात. ८ ओहमच्या ट्विटरला तो साधारण ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जाऊ देतो. 'सगळं' मध्ये ती लाखो वेळची उघडझापही आली.

पिझो ट्विटर, तो चपटा शिंगासारखा, हा क्लास डी चा जुना वैरी. त्याच्यात कॉइल नसते, तो स्वतःच कपॅसिटर असतो. ०.१५ मायक्रोफॅराडचा पिझो ४०० किलोहर्ट्झला तीन ओहमहूनही कमी दिसतो. गाळणीविना बोर्डावर तो म्हणजे जवळजवळ शॉर्ट. गाळणीच्या बोर्डावर लावायचाच तर त्याच्या आधी वीस ते तीस ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर एकामागे एक जोडा.

देवळातला किंवा शाळेच्या पटांगणातला भोंगा जोडायला निघाला असाल तर आधी त्याच्या पाठीवर ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. १०० व्होल्ट लाइनवरचा भोंगा १० वॅटच्या टॅपला (ट्रान्सफॉर्मरच्या त्या वॅटच्या टोकाला) १००० ओहम दाखवतो. १९ व्होल्टच्या बोर्डावर तो डासासारखा गुणगुणेल. ट्रान्सफॉर्मर वगळून आतल्या युनिटची टोकं थेट घेतली, तीही ओहम मोजून, तर हाच बोर्ड तो भोंगा गल्लीला त्रास होईल इतका वाजवतो. युनिट नाजूक असतं, म्हणून आधी बास कमी करा.

काळी तार

इथे मी स्वतः मार खाल्लाय, म्हणून जरा थांबतो. घरात जुनं म्युझिक सेंटर होतं, सागवानी रंगाच्या एकाच लांब पेटीत दोन्ही स्पीकर. ॲम्प्लिफायर कधीच गेलेला. म्हटलं, आत आपला बोर्ड बसवू. पेटीतून तीनच तारा बाहेर येत होत्या: लाल, पांढरी, काळी. काळी दोन्ही स्पीकरची सामाईक. मी ती दोन्ही चॅनेलच्या वजा टोकांना जोडली. हळू आवाजात गाणं नीट वाजलं. खूश होऊन व्हॉल्यूम चढवला, तर टक्, शांतता. पुन्हा दोन क्षण गाणं, पुन्हा टक्. मी ॲडॅप्टर बदलला, इनपुटची तार बदलली, बोर्डाला शिव्या घातल्या. तासाभराने हीटसिंकला बोट लावलं तेव्हा ते झटक्यात मागे आलं आणि डोक्यात उजेड पडला. दोन्ही चॅनेलची वजा टोकं वेगवेगळी वर-खाली होत असतात. मी ती एकमेकांना बांधून ठेवली होती. हळू आवाजात दोघं जवळपास सारखं हलत होते म्हणून निभावलं, मोठ्या आवाजात एकमेकांशी कुस्ती सुरू झाली. चिपमधल्या संरक्षणाने वाचवलं. त्याच चुकीने आधी एक पीएएम ८४०३ मेला होता, धूरबीर काही नाही, नुसता गरम प्लास्टिकचा वास.

खात्री करायची तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन ॲडॅप्टरच्या वजा टोकाला, लाल पिन स्पीकरच्या अधिक टोकाला, मग वजा टोकाला. १९ व्होल्टच्या पुरवठ्यावर बहुतेक बोर्डांत दोन्हीकडे साडेनऊच्या आसपास व्होल्ट दिसतील. ज्या टोकावर साडेनऊ व्होल्ट आहेत ते अर्थ कसं असेल?

म्हणून स्पीकर निवडताना मागून प्रत्येकी दोन, एकूण चार स्वतंत्र तारा निघतात का ते पाहा. पेटी आवडली पण तारा तीनच असतील तर पेटी उघडून सामाईक सांधा तोडा. गाडीत बसवताना, जुन्या गाडीच्या स्पीकरची एक बाजू बॉडीला बांधलेली नाही ना, हे तपासा. हेडफोनचा सॉकेट या आउटपुटवर लावू नका, तिथेही वजा बाजू सामाईक असते. आणि ऑसिलोस्कोप असेल तर त्याची अर्थची क्लिप स्पीकरच्या काळ्या टोकाला कधीही अडकवू नका.

जुना स्पीकर घेताना

जुन्या बाजारात चांगले स्पीकर मिळतात, फक्त हाताने बघून घ्या. दोन्ही अंगठे कोनच्या दोन बाजूंना ठेवून सारख्या दाबाने हळूच आत ढकला. मऊ जायला हवा. आत कुठे खरखर लागली तर कॉइल घासतेय, ठेवून द्या. कडेची पट्टी फोमची असेल तर नखाने हलकेच टोकरा. दहा-पंधरा वर्षांचा फोम भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. रबराची किंवा कापडाची पट्टी टिकते. कोकणात, गोव्यात राहत असाल तर कागदी कोनवर बुरशीचे डाग आणि मागच्या टोकांवर हिरवा गंज पाहा. तिथे पॉलिप्रॉपिलीनचा कोन बरा, पावसाळे सोसतो.

मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल. अधिक बाजू लाल टोकाला क्षणभर टेकवा: कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर खुणा उलट आहेत. जोडीतला एक सरळ आणि एक उलट असेल तर बास दोघांत मिळून गायब होतो, आणि माणूस नवा वूफर घ्यायला धावतो.

डबा

उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर पातळ वाजणारच. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना खातात. डबा हा स्पीकरचा अर्धा भाग आहे. आपल्याकडे गावोगाव माठात स्पीकर बसवायची पद्धत आहे, तिला हसू नका. माठाला समोरासमोरच्या सपाट भिंती नसतात, तो कडक असतो आणि मागची लाट कोंडतो. फक्त तोंडाशी स्पीकर घट्ट बसवा आणि आत थोडा कापूस भरा.

नवा वूफर सुटा घेत असाल तर त्याच्याबरोबर एफएस (अनुनादाचा स्वर), क्यूटीएस (कोनच्या हलण्यावरचा आवर), व्हीएएस (कोनच्या लवचीकतेइतकी हवा) हे आकडे मागा. ऑस्ट्रेलियातल्या थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने हे आकडे ओळखले जातात. क्यूटीएस ०.४ च्या खाली असेल तर भोकाचा (हवेला वाट ठेवलेला) डबा, ०.४ ते ०.७ असेल तर बंद डबा, त्याच्या वर असेल तर गाडीच्या मागच्या फळीवर लावायचा स्पीकर समजा. दुकानदाराकडे आकडे नसतील तर बंद डबा करा. साडेसहा इंचीला दहा ते वीस लिटर. बंद डब्यात चूक झाली तरी ऐकवते, भोकाच्या डब्यात झालेली चूक बद्द-बद्द करत राहते.

तार आणि पहिली सुरुवात

पाच मीटर लांब तारेत करंट जाऊन-येऊन दहा मीटर फिरतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याला तो ०.११ ओहम पडतो, अर्ध्या चौरस मिलिमीटरला ०.३४. ४ ओहमच्या स्पीकरला दुसरी तार साडेआठ टक्के खाते. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची लवचीक तार आणा, दोन तारा एकमेकींना पीळ द्या. 'ऑक्सिजन-फ्री' वगैरे मंत्राला पैसे घालवू नका.

पीळ कशासाठी, ते ऐकायचं असेल तर जुना मीडियम वेव्ह रेडिओ तारेजवळ न्या. बोर्डाच्या ४०० किलोहर्ट्झच्या उघडझापीची दुप्पट ८००, आणि आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर. गाळणी कच्ची असेल किंवा तारा फाकलेल्या असतील तर रेडिओवर बारीक शिट्टी आणि खरखर येते. तारा पिळल्या आणि आखूड केल्या की कमी होते. घरात आजी-आजोबा सकाळी रेडिओ ऐकत असतील तर ही परीक्षा तुमच्या आधी तेच घेतील.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडण्याआधी बोर्डाला पुरवठा द्या, इनपुट रिकामं, व्हॉल्यूम शून्यावर. एका चॅनेलच्या दोन टोकांमध्ये डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसायला हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर चांगला स्पीकर लावू नका, बोर्ड परत करा. ठीक असेल तर पुरवठा काढा, एखादा टाकाऊ स्पीकर लावून पुन्हा चालू करा, दहा मिनिटं वाजवा. मग पुरवठा काढून निवडलेले स्पीकर. अर्धा तास नेहमीच्या आवाजात वाजवून हीटसिंकला बोट लावा. पाच सेकंद ठेवता आलं तर स्क्रू आवळून झाकण लावायला हरकत नाही.